विश्लेषण : विमानतळावरील सुरक्षा तपासणी कितपत परिणामकारक?

माहेराहून निघताना ओटीत घातलेला नारळ विमानतळावर काढून ठेवावा लागतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात पाण्याची बाटली जाते, लोणच्याची बरणी अडते. लॅपटॉप काढा, चार्जर काढा, पट्टा सोडा, हात वर करा. दुसऱ्या विमानतळावर मात्र हीच बॅग कुणी उघडूनही पाहत नाही. अशा वेळी रांगेतल्या प्रवाशाच्या मनात एकच शंका येते, या सगळ्याने विमान खरोखर सुरक्षित होते की ही केवळ सवयीने पार पाडलेली औपचारिकता आहे? गेल्या पाच दशकांतील घटना आणि चाचण्या पाहिल्या तर उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतके सरळ मिळत नाही.

तपासणीची सुरुवात कशी झाली?

एके काळी एसटीत बसावे तसे विमानात बसता येत असे. १९६८ ते १९७२ या काळात अमेरिकेत १३० हून अधिक विमानांच्या अपहरणाच्या घटना घडल्या. खंडणी, राजकीय मागण्या, क्युबाला जाण्याची इच्छा अशी कारणे वेगवेगळी होती. प्रवाशांना तपासणे त्यांना अपमानास्पद वाटेल, व्यवसाय बुडेल, अशी भीती विमान कंपन्यांना होती. अखेर ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवासी आणि त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली आणि अपहरणांची संख्या झपाट्याने खाली आली. त्यात क्युबाशी झालेल्या कराराचाही वाटा होता. तरीही साध्या धातुशोधक चौकटीने मोठा फरक पडू शकतो, हे तेव्हा दिसले. बंदूक घेऊन सहज विमानात शिरणारा माणूस दारातच अडू लागला.

भारतात ही व्यवस्था कुणाच्या हाती आहे?

१९७६ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी उड्डाण महासंचालनालयात सुरक्षेसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान अटलांटिक महासागरावर बॉम्बस्फोटाने कोसळले आणि ३२९ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर १ एप्रिल १९८७ रोजी या कक्षाचे स्वतंत्र विभागात रूपांतर झाले. हाच आजचा नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो, म्हणजे बीसीएएस. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेले ‘आयसी-८१४’ कंदहारला नेण्यात आले. त्याच्या पाठोपाठ फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात करून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजेच सीआयएसएफकडे, विमानतळांची सुरक्षा सोपवण्यास सुरुवात झाली.

आज नियम बीसीएएस ठरवते. हा विभाग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. बहुतेक मोठ्या विमानतळांवर तपासणी करणारे जवान सीआयएसएफचे असतात, म्हणजे गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतले. यंत्रे विमानतळ चालवणारी संस्था पुरवते. प्रवाशाला समोर फक्त जवान दिसतो, त्यामुळे राग त्याच्यावर निघतो. प्रत्यक्षात नियम एकाचा, यंत्र दुसऱ्याचे आणि हात तिसऱ्याचा असतो. यासाठी प्रवासी पैसेही मोजतो. एप्रिल २०२१ मध्ये लागू झालेल्या दरानुसार देशांतर्गत तिकिटामागे २०० रुपये, तर आंतरराष्ट्रीय तिकिटामागे १२ डॉलर इतके विमान सुरक्षा शुल्क ठरवण्यात आले.

रांगेत नेमके काय शोधले जाते?

धातुशोधक चौकट आणि जवानाच्या हातातील यंत्र फक्त धातू ओळखतात. प्लास्टिक स्फोटक किंवा द्रव त्यांना कळत नाही. ती उणीव हाताने घेतलेल्या अंगझडतीने भरून काढायची असते. बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते तेव्हा पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे आणि मधल्या घनतेच्या वस्तू हिरव्या दिसतात. बहुतेक स्फोटके सेंद्रिय असतात, पण चीज, चॉकलेट, साबण आणि मिठाईही सेंद्रियच असते. मिठाईचा डबा अनेकदा उघडून पाहिला जातो, त्याचे कारण हेच. लॅपटॉप वेगळा काढायला सांगतात, कारण त्याची बॅटरी आणि आतील भाग खालच्या वस्तू झाकून टाकतात. शंका आली तर कापडाची पट्टी बॅगेवर फिरवून स्फोटकांचे सूक्ष्म कण शोधणाऱ्या यंत्रात घातली जाते.

काही नियमांचा दहशतवादाशी संबंधच नसतो. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, कारण लिथियम बॅटरीने पेट घेतला तर विमानाच्या पोटात ती आग कुणाला दिसणार नाही. केबिनमध्ये ती विझवता येते. सुके खोबरे निषिद्ध आहे, कारण त्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. ओल्या नारळालाही केबिनमध्ये सहसा मनाई असते. मात्र शबरीमला यात्रेच्या काळात भाविकांना इरुमुडीतील नारळ केबिनमध्ये नेण्याची मुदतबंद सवलत बीसीएएसने दिली होती. त्यासाठी क्ष-किरण, स्फोटक-कण आणि प्रत्यक्ष अशा तिन्ही तपासण्यांची अट होती. म्हणजे नारळ पुरेसा तपासता येतो. प्रत्येक प्रवाशासाठी तेवढा वेळ देता येत नाही, म्हणून सरसकट मनाई सोपी पडते.

नियम कालच्या हल्ल्यावरच बेतलेले असतात का?

बऱ्याच अंशी होय. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्लेखोरांनी लहान पाती असलेल्या कटरसारख्या वस्तू वापरल्याचे समोर आले आणि लहानसहान चाकूंवरही बंदी आली. त्याच वर्षी २२ डिसेंबरला रिचर्ड रीड याने पॅरिस-मायामी विमानात बुटातील स्फोटक पेटवण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर बूट तपासले जाऊ लागले आणि २००६ पासून अमेरिकेत ते काढणे सर्वांना बंधनकारक झाले. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनहून अटलांटिकपार जाणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला आणि १०० मिलिलिटरची मर्यादा जन्माला आली. २००९ च्या नाताळात ॲमस्टरडॅम-डेट्रॉइट विमानात एकाने अंतर्वस्त्रात स्फोटक लपवून नेले, त्यानंतर संपूर्ण शरीर स्कॅन करणाऱ्या यंत्रांचा प्रसार वाढला.

नियम येतो एका रात्रीत, जाताना मात्र वर्षे घेतो. अमेरिकेत बूट काढण्याची सक्ती जुलै २०२५ मध्ये उठली, म्हणजे जवळपास १९ वर्षांनी. ब्रिटनमधील एडिनबर्ग आणि बर्मिंगहॅम विमानतळांनी नवी यंत्रे बसवल्यावर २०२५ मध्ये द्रवांची मर्यादा शिथिल केली. उठवलेल्या नियमामुळे उद्या काही घडले तर जबाबदारी कुणाची, या भीतीने निर्णय लांबतात. रांगेत उभे राहणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या वेळेचा हिशेब मात्र कुणाच्याच खात्यावर लिहिला जात नाही.

‘९५ टक्के अपयशा’चा अर्थ काय?

तपासणीच्या परिणामकारकतेवर सर्वांत मोठे प्रश्नचिन्ह २०१५ मध्ये उभे राहिले. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागातील महानिरीक्षकांच्या पथकाने प्रवासी बनून बनावट शस्त्रे आणि बनावट बॉम्ब विमानतळांवरून नेण्याचे प्रयोग केले. ७० पैकी ६७ वेळा ते यशस्वी झाले. एका प्रकरणात यंत्राने इशारा दिला, जवानाने अंगझडतीही घेतली, तरी पाठीला चिकटवलेला नकली बॉम्ब त्याच्या हाताला लागला नाही. हे आकडे माध्यमांत फुटले आणि तेथील वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या, म्हणजे टीएसएच्या, प्रभारी प्रमुखांना पदावरून हटवण्यात आले. २०१७ मधील चाचण्यांतही अपयशाचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास असल्याच्या बातम्या आल्या.

दुसऱ्या बाजूला याच यंत्रणेने २०२४ मध्ये प्रवाशांच्या हातातील सामानात ६,६७८ बंदुका पकडल्या. त्यातील सुमारे ९४ टक्के बंदुकांत गोळ्या भरलेल्या होत्या. हे दोन्ही आकडे खरे आहेत आणि ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. पकडलेल्या बंदुकांपैकी बहुतेक विसरभोळ्या मालकांच्या असतात. त्यांनी त्या लपवलेल्याच नसतात. चाचणी करणाऱ्याला मात्र यंत्रणेतील फटी ठाऊक असतात आणि तो मुद्दाम लपवतो. त्यामुळे किती वस्तू जप्त झाल्या यावरून सुरक्षा मोजता येत नाही. काय सुटले, हे शोधणारी चाचणीच यंत्रणेची खरी प्रकृती सांगते.

माणसाची नजर का चुकते?

हलगर्जीपणा हे त्याचे एकमेव कारण नाही. हार्वर्डमधील जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना गर्दीच्या चित्रांतून ठरावीक वस्तू शोधायला सांगितले होते. निम्म्या चित्रांत ती वस्तू असताना सुमारे ७ टक्के वेळा ती नजरेतून सुटली. केवळ १ टक्का चित्रांत ती असताना हे प्रमाण ३० टक्क्यांवर गेले. जे क्वचित दिसते ते नजर शोधेनाशी होते. विमानतळावरचा बॉम्ब तर लाखांत एकदाही दिसत नाही.

यावर एक उपाय वापरला जातो. खऱ्या बॅगेच्या प्रतिमेत यंत्र अधूनमधून शस्त्राची खोटी प्रतिमा मिसळते आणि पडद्यासमोरचा कर्मचारी ती ओळखतो का, याची नोंद ठेवते. पडद्यासमोर सलग बसण्याची वेळही साधारण २० मिनिटांपुरती ठेवली जाते. रांग तुंबलेली असताना बाजूला नुसताच उभा दिसणारा जवान कामचुकार असेलच असे नाही. डोळ्यांना विसावा देणे हा तपासणीचाच भाग आहे.

‘कनिष्क’ने हा धडा फार महागात शिकवला. टोरंटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले. उरलेल्या बॅगांवर हातातील शोधक यंत्र फिरवण्यात आले. किमान एका बॅगेजवळ त्याने आवाज केल्याचे चौकशीत पुढे आले. पण त्या आवाजाचा अर्थ काय आणि पुढे काय करायचे, हे कर्मचाऱ्यांना नीट शिकवलेलेच नव्हते. शिवाय ज्याच्या नावावर बॉम्बची बॅग होती तो प्रवासी विमानात बसलाच नव्हता, तरी बॅग पुढे गेली. १९८५ मधील तो आवाज आणि २०१५ मधील अंगझडती यांतील दुवा एकच आहे. यंत्राने सांगितले, माणसापर्यंत ते पोहोचले नाही.

मग हे निव्वळ नाटक आहे का?

सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी अशा उपायांसाठी ‘सुरक्षेचे नाटक’ हा शब्दप्रयोग रूढ केला. लोकांना सुरक्षित वाटावे म्हणून केलेले, पण धोका फारसा कमी न करणारे उपाय, असा त्याचा अर्थ. त्यांच्या मते ११ सप्टेंबरनंतर दोनच गोष्टींनी हवाई प्रवास खरोखर सुरक्षित केला. एक, आतून बंद होणारे कॉकपिटचे मजबूत दार आणि दुसरी, गप्प बसून चालणार नाही हे उमगलेले प्रवासी. रीडला आणि डेट्रॉइटच्या हल्लेखोराला आवरले ते विमानातील कर्मचारी आणि सहप्रवाशांनीच.

पण याच दोन घटनांची दुसरी बाजूही आहे. स्फोटक लपवण्यासाठी त्याचे प्रमाण कमी ठेवावे लागले, पेटवण्याची पद्धत किचकट करावी लागली आणि दोघांचाही डाव फसला. अपुरी तपासणीही हल्लेखोराला सोपा मार्ग सोडून अवघड मार्ग निवडायला लावते आणि अवघड मार्गावर चुका होतात. शिवाय हल्लेखोराला यशाची खात्री हवी असते. पकडले जाण्याची शक्यता थोडी असली तरी कट करणाऱ्याला ती परवडेलच असे नाही. त्यामुळे रांगेतील तपासणी निरुपयोगी म्हणता येत नाही. ती चाळणी आहे, भिंत नाही.

जे उपाय चाळणीचेही काम करत नाहीत, ते मात्र ओळखायला हवेत. चेहरा आणि हावभावांवरून संशयित ओळखण्याच्या टीएसएच्या कार्यक्रमावर २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले. मानवी फसवणूक अशा खुणांवरून ओळखण्याची क्षमता छापा-काट्याइतकीच किंवा किंचित बरी असते, असे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१३ मध्ये अभ्यासांच्या आधारे नमूद केले. भारतातही हातातील बॅगेच्या टॅगवर शिक्का मारण्याची पद्धत वर्षानुवर्षे होती. शिक्का राहिला म्हणून दारातून परत फिरलेले प्रवासी अनेकांना आठवत असतील. एप्रिल २०१७ मध्ये दिल्ली, मुंबईसह सात विमानतळांवर ती थांबवण्यात आली आणि तिची उणीव कुणाला जाणवली नाही.

प्रवाशाला न दिसणारे धोके कोणते?

सप्टेंबर १९८६ मध्ये मुंबईहून निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीत अपहरणकर्त्यांच्या हाती पडले. याच विमानात नीरजा भनोत यांनी प्राण गमावले. हल्लेखोर प्रवाशांच्या रांगेतून आले नव्हते. सुरक्षारक्षकांचा वेश करून ते गाडीने थेट विमानापर्यंत गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मोगादिशूहून उडालेल्या विमानात लॅपटॉपमधील बॉम्ब फुटला. तपासणीची जागा ओलांडल्यावर विमानतळावरील माणसांनीच तो हल्लेखोराच्या हाती दिला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रसेल्सला स्फोट झाले ते तपासणीच्या आधीच्या, सर्वांना खुल्या असलेल्या जागेत.

म्हणजे कर्मचाऱ्यांचे प्रवेशपत्र, मालवाहतूक, खानपानाच्या गाड्या, धावपट्टीकडील फाटके यांची तपासणी प्रवाशाच्या रांगेइतकीच महत्त्वाची असते. ती प्रवाशाला दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी प्रश्नही विचारले जात नाहीत. भारतात टर्मिनलच्या दारातच तिकीट आणि ओळखपत्र पाहिले जाते. त्याने आतील गर्दीवर काही नियंत्रण राहते, पण दाराबाहेर रांग साचली तर गर्दीची जागा फक्त बदलते. ‘डिजियात्रा’बाबतही गैरसमज आहे. तिच्यामुळे ओळख पटवणे झटपट होते. बॅगेत काय आहे, हे मात्र ती सांगत नाही.

एका विमानतळावर चालते ते दुसऱ्यावर का नाही?

पहिले कारण यंत्रे. जुने क्ष-किरण यंत्र एक-दोन बाजूंनी सपाट चित्र देते. संगणकीकृत टोमोग्राफीचे यंत्र बॅगेचे त्रिमितीय चित्र उभे करते आणि लॅपटॉप आतच ठेवता येतो. दुसरे कारण सतर्कतेची पातळी. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या आसपास तपासणी कडक होते. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर देशभर विमानात चढण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाची दुसऱ्यांदा तपासणी करण्याचे आदेश होते. तिसरे कारण प्रवासाचा प्रकार. देशांतर्गत प्रवासात पाण्याची बाटली बहुधा चालते, आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलिलिटरचा नियम आडवा येतो.

काही फरक मुद्दामही ठेवलेला असतो. तपासणी कुठे, कशी होईल याचा अंदाज येऊ नये, हाच त्यामागचा हेतू. पण अनिश्चितता आणि मनमानी यांत फरक आहे. अचानक एखाद्याची जादा तपासणी होणे समजू शकते. एकच वस्तू पुण्यात चालावी, दिल्लीत जप्त व्हावी आणि कारण कुणीच सांगू नये, याने सुरक्षा वाढत नाही, फक्त नियमावरचा विश्वास घटतो. ‘सगळे उगाच चालले आहे’ असे वाटणारा प्रवासी बेवारस बॅग दिसली तरी सांगायला पुढे येत नाही.

प्रवाशाच्या सन्मानाचे काय?

नृत्यांगना-अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये ध्वनिचित्रफीत प्रसृत करून पंतप्रधानांना साकडे घातले होते. प्रत्येक वेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, स्फोटक-कण शोधणाऱ्या यंत्राने तपासण्याची विनंतीही मानली जात नाही, अशी त्यांची व्यथा होती. सीआयएसएफने त्यांची जाहीर माफी मागितली. पेसमेकर, गुडघ्यातील धातूची वाटी, व्हीलचेअर असलेल्या अनेक प्रवाशांचा प्रश्न हाच आहे, फक्त त्यांचे म्हणणे इतक्या दूर पोहोचत नाही. शरीर स्कॅन करणारी यंत्रे यावर उपयोगी पडू शकतात. त्यांतील मिलिमीटर लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात आणि पडद्यावर प्रवाशाच्या शरीराऐवजी बाहुलीसारखी ढोबळ आकृती दाखवता येते. संवेदनशील विमानतळांवर अशी यंत्रे बसवण्याचे निर्देश बीसीएएसने २०१९ मध्येच दिले होते, पण अंमलबजावणी लांबत गेली.

पुढे काय व्हायला हवे?

भारतातही नकली शस्त्रे पाठवून जवानांची परीक्षा घेतली जाते, पण तिचे निष्कर्ष जाहीर होत नाहीत. कुठे काय सुटले याचा तपशील गोपनीय असणे योग्यच. मात्र एकूण कामगिरी सुधारते आहे की घसरते आहे, एवढे तरी संसदेला आणि शुल्क भरणाऱ्या प्रवाशांना कळायला हरकत नसावी. अमेरिकेतील आकडे लाजिरवाणे होते, पण ते बाहेर आल्यानंतरच तेथे प्रशिक्षणात बदल झाले. प्रत्येक जुन्या नियमाचा ठरावीक काळाने फेरआढावा, देशभर एकसारखी आणि मराठीसह स्थानिक भाषांत लावलेली निषिद्ध वस्तूंची यादी, पडद्यासमोरील कर्मचाऱ्यांची पुरेशी संख्या आणि कर्मचारी-फाटकांवर प्रवाशांइतकीच काटेकोर तपासणी हे बदल महागड्या यंत्रांआधीही करता येण्यासारखे आहेत.

प्रवाशापुरते बोलायचे तर पॉवर बँक केबिन बॅगेत, लोणचे चेक-इन सामानात आणि नारळ घरच्या देवापुढे ठेवून निघणे सोयीचे. जवानाने बॅग उघडायला सांगितली तर तो संशय नव्हे, पडद्यावरचा नारिंगी ठिपका समजून घेण्याचा प्रयत्न असतो. त्या वेळी लागणारी दोन मिनिटे वाया जात नाहीत. यंत्राने काही सांगितल्यावर माणसाने थांबून पाहणे, हेच १९८५ मध्ये टोरंटोला घडले नव्हते.